हिवाळ्यात सीपॅपचा मास्क का निघतो? स्लीप अ‍ॅप्निया आणि बिघडलेल्या हवेचं नातं समजून घ्या

दिवाळी संपते, पहाटे गारवा येतो आणि रस्त्यापलीकडच्या इमारती धुरकट दिसायला लागतात. ज्या घरात कुणाला स्लीप अ‍ॅप्निया आहे, तिथे याच दिवसांत रात्री एक संवाद हमखास ऐकू येतो.

"अहो, आज मशीन नाही लावलं?"

"नाक चोंदलंय. आज राहू दे."

हे 'आज राहू दे' मग आठवडाभर चालतं. जानेवारी उजाडेपर्यंत मशीन कपाटात गेलेलं असतं. घरच्यांना वाटतं, हा आळस आहे. रुग्णाला वाटतं, मशीनच आपल्याला मानवत नाही. डॉक्टरांच्या फाइलमध्ये 'वापर कमी' अशी नोंद होते. या सगळ्यात एका गोष्टीकडे कुणाचंच लक्ष जात नाही, ती म्हणजे त्या खोलीतली हवा.

हवेच्या प्रदूषणाबद्दल बोलताना आपण दमा, खोकला, हृदयविकार यांच्याबद्दल बोलतो. पण खराब हवा एखाद्याचे चालू असलेले उपचारही बंद पाडू शकते का? स्लीप अ‍ॅप्नियाच्या बाबतीत हा प्रश्न विचारायलाच हवा.

स्लीप अ‍ॅप्निया म्हणजे नेमकं काय?

झोपेत शरीराचे स्नायू सैल पडतात, तसे घशाचेही पडतात. काही लोकांमध्ये ते इतके सैल पडतात की श्वासाची वाट अरुंद होते किंवा पूर्ण मिटते. छाती वरखाली होत राहते, पण हवा आत जात नाही. रक्तातला ऑक्सिजन उतरतो, मेंदू झोपणाऱ्याला क्षणभर जागं करतो, मोठ्या घोरण्याच्या आवाजासह श्वास परत सुरू होतो आणि थोड्या वेळानं पुन्हा तेच. याला ऑब्स्ट्रक्टिव्ह स्लीप अ‍ॅप्निया म्हणतात.

किमान १० सेकंद श्वास थांबला किंवा बराच कमी झाला, तर तो एक 'प्रसंग' मोजतात. तासाला असे ५ पेक्षा कमी प्रसंग म्हणजे सामान्य. ५ ते १५ म्हणजे सौम्य, १५ ते ३० म्हणजे मध्यम आणि ३० च्या वर गेले की तीव्र आजार. तीव्र आजार असलेल्या माणसाचा श्वास सरासरी दर दोन मिनिटांनी अडतो, रात्रभर. तरी सकाळी त्याला त्यातलं काहीच आठवत नाही. आठवतं ते फक्त जड डोकं आणि दिवसभराची पेंग.

१५ फेब्रुवारी २०२२ ला संगीतकार बप्पी लाहिरी यांचं मुंबईत निधन झालं. तेव्हा त्यांच्या डॉक्टरांनी माध्यमांशी बोलताना या आजाराचा उल्लेख केला आणि 'स्लीप अ‍ॅप्निया' हा शब्द अनेकांनी पहिल्यांदाच ऐकला. आजार मात्र दुर्मीळ नाही. दिल्लीच्या एम्समधल्या संशोधकांनी २०२३ मध्ये देशातल्या आधीच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. त्यांच्या अंदाजानुसार भारतात कामकरी वयातल्या साधारण १० कोटी ४० लाख लोकांना हा आजार आहे आणि त्यातल्या ४ कोटी ७० लाखांना तो मध्यम किंवा तीव्र स्वरूपाचा आहे.

सीपॅप मशीन काय करतं आणि काय करत नाही?

यावरचा सर्वांत भरवशाचा उपचार म्हणजे सीपॅप. ऑस्ट्रेलियातले डॉक्टर कॉलिन सलिव्हन यांनी १९८१ मध्ये पाच रुग्णांवरचा अनुभव 'लॅन्सेट' या नियतकालिकात मांडला आणि ही पद्धत जगासमोर आली. सुरुवातीच्या यंत्रांत व्हॅक्यूम क्लीनरची मोटर वापरली होती, फक्त हवा ओढण्याऐवजी फेकायला.

तत्त्व आजही तेच आहे. मशीन खोलीतली हवा ओढतं, तिला थोडा दाब देतं आणि नळी व मास्कमधून नाकात सोडतं. हा दाब घशाची वाट आतून उघडी धरतो. फुग्यात हवा असली की तो चपटा होत नाही, तसंच.

इथे एक मोठा गैरसमज आहे. सीपॅप म्हणजे ऑक्सिजनचं मशीन नाही आणि एअर प्युरिफायरही नाही. ते खोलीतलीच हवा देतं. खोलीत धूळ असेल, धूर असेल, तर मशीनही त्याच हवेवर चालतं. पुढचा सगळा मुद्दा या एका वाक्यावर उभा आहे.

चार तासांचं गणित

सीपॅप हा आजार बरा करत नाही. मास्क चेहऱ्यावर आहे तोवर तो काम करतो, काढला की घसा पुन्हा मिटायला लागतो. म्हणून रोज रात्री किती तास लावला, यावर सगळं अवलंबून असतं.

अमेरिकेतल्या मेडिकेअर या सरकारी विमा योजनेनं यासाठी एक मोजमाप ठरवलं आहे. सलग ३० दिवसांत किमान ७० टक्के रात्री, म्हणजे २१ रात्री, रोज किमान ४ तास. हेच माप संशोधनातही वापरतात. ते फार कडक नाही. तरीही २००८ मधल्या एका आढाव्यानुसार, वेगवेगळ्या अभ्यासांत ४६ ते ८३ टक्के रुग्ण रात्रीचे चार तासही पूर्ण करत नव्हते.

याची किंमत काय, ते 'सेव्ह' नावाच्या मोठ्या चाचणीत दिसलं. भारतासह सात देशांतले २,७१७ रुग्ण त्यात होते. २०१६ मध्ये निष्कर्ष आले. सीपॅपमुळे हृदयविकार आणि पक्षाघाताचे झटके एकंदर कमी झाले नव्हते. पण सरासरी वापर होता फक्त ३.३ तास. रात्री चार तासांच्या वर मशीन लावणाऱ्यांचा वेगळा हिशेब केला, तेव्हा त्यांच्यात पक्षाघाताचं प्रमाण कमी दिसलं. औषधाचा अर्धा डोस घेऊन 'गुण येत नाही' म्हणावं, तसं हे आहे.

यात हवेचा संबंध कुठे येतो?

संबंध दोन ठिकाणी येतो. आधी आजाराशी, मग उपचाराशी.

शहाळ्यातला कागदी स्ट्रॉ आठवा. त्याचं वरचं टोक चिमटीत दाबलं आणि जोरानं ओढलं, तर मधला ओला भाग चपटा होतो. आपल्या श्वासाच्या वाटेचंही असंच होतं. नाक म्हणजे वरचं टोक आणि घसा म्हणजे मधला मऊ भाग. नाक सुजून अरुंद झालं की श्वास घ्यायला जास्त ओढ लागते आणि त्या ओढीनं सैल घसा आणखी मिटतो.

नाकाला सूज आणण्याचं काम प्रदूषण चांगलंच करतं. पीएम १० म्हणजे १० मायक्रॉनपेक्षा लहान कण, त्यातले मोठे कण नाकातच अडकतात. पीएम २.५ म्हणजे केसाच्या जाडीच्या साधारण तिसाव्या भागाएवढे किंवा त्याहून लहान कण, ते थेट फुप्फुसात खोलवर पोहोचतात. वाहनांच्या धुरातला नायट्रोजन डायऑक्साइड नाक आणि घशाच्या अस्तराला चुरचुर करतो. अस्तर सुजतं, शेंबूड वाढतो, वाट अरुंद होते.

हे मोठ्या अभ्यासांतही दिसलं आहे. अमेरिकेतल्या सहा शहरांतल्या १,९७४ लोकांचा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. हवेतल्या पीएम २.५ चं वार्षिक प्रमाण ५ मायक्रोग्रॅमनं जास्त असेल, तर स्लीप अ‍ॅप्निया आढळण्याची शक्यता ६० टक्क्यांनी जास्त होती. वजन, वय यांसारख्या गोष्टी हिशेबात धरल्यावरचा हा आकडा आहे. युरोपातल्या १४ देशांतल्या २५ शहरांमधल्या १९ हजारांहून जास्त रुग्णांच्या नोंदींतही हीच दिशा दिसली. पीएम १० जास्त, तसे श्वास अडण्याचे प्रसंग जास्त.

हे अभ्यास दोन गोष्टी एकत्र दिसतात एवढं सांगतात. एकीमुळे दुसरी झाली, याचा तो अंतिम पुरावा नाही. आणि अमेरिकेचा आकडा जसाच्या तसा मुंबई-पुण्याला लावताही येणार नाही. पण आपली हवा पाहिली तर दुर्लक्षही करता येणार नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ मध्ये पीएम २.५ साठी वार्षिक मर्यादा ५ मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर ठरवली. भारताचं स्वतःचं मानक ४० आहे. राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात देशातली साधारण १३० शहरं आहेत आणि त्यातली १९ महाराष्ट्रातली आहेत. मुंबई, पुणे, नागपूर तर आहेतच, शिवाय चंद्रपूर, जालना, सांगली, लातूर आणि बदलापूरही.

मास्क का निघतो?

आता उपचाराकडे येऊ. नाक चोंदलेलं असताना त्यात दाबानं हवा सोडली तर काय होईल?

हवा नाकातून नीट जात नाही, म्हणून तोंड उघडतं. नाकावरचा मास्क असेल तर तीच हवा तोंडातून बाहेर पडते. घसा कोरडा पडतो. गळती भरून काढायला मशीन जास्त हवा सोडतं, त्यानं नाक आणखी कोरडं होतं आणि ते आणखी सुजतं. रात्री दोनच्या सुमारास माणूस अर्धवट झोपेत मास्क ओढून काढतो. सकाळी त्याला तेही आठवत नाही.

म्हणजे ज्या रात्री घसा मिटण्याची शक्यता जास्त, नेमक्या त्याच रात्री उपचार सुटतो. हेच या विषयातलं खरं दुखणं आहे.

रात्रीची हवा दिवसापेक्षा वाईट का असते?

हिवाळ्यात सूर्य मावळला की जमीन लवकर थंड होते. जमिनीलगतची हवा गार आणि जड, तर वरचा थर उबदार. हा वरचा थर झाकणासारखा बसतो. दिवसभराचा धूर, बांधकामांची धूळ, शेकोट्या, जाळलेला कचरा हे सगळं त्या झाकणाखाली अडकतं. वारा पडलेला असेल तर सकाळी ऊन चढेपर्यंत ते तिथेच राहतं.

म्हणजे आपले झोपेचे तास आणि खराब हवेचे तास बऱ्याचदा एकच असतात. बातम्यांत दिसणारा एक्यूआय मात्र साधारणपणे २४ तासांच्या सरासरीवर काढलेला असतो. दुपारची बरी हवा आणि रात्रीची वाईट हवा मिळून आकडा 'मध्यम' दिसतो. तुमच्या उशाशी त्या वेळी काय चाललं होतं, ते त्यात दिसत नाही.

मुंबईला समुद्राचा वारा वाचवतो, असं आपण वर्षानुवर्षं ऐकत आलो. ऑक्टोबर २०२३ मध्ये तिथली हवा इतकी बिघडली की मुंबई उच्च न्यायालयानं स्वतःहून दखल घेतली आणि त्या दिवाळीत फटाक्यांना रात्री ८ ते १० एवढीच वेळ दिली.

पण मशीनला फिल्टर असतो ना?

असतो. मशीनच्या मागे किंवा बाजूला एक छोटी चौकोनी खिडकी असते, त्यात. काही मशीनमध्ये धुता येणारा करडा स्पंज असतो, काहींमध्ये फेकून द्यायचा पांढरा बारीक फिल्टर, काहींमध्ये दोन्ही. तो धूळ, केस, परागकण बऱ्यापैकी अडवतो. सर्वांत बारीक कण अडवण्याइतका तो समर्थ नसतो आणि वायू तर तो अडवूच शकत नाही. अगरबत्तीचा वास मास्कमध्ये येतो तो यामुळेच.

म्हणून काही जण विचारतात, "मशीन लावून उलट जास्त प्रदूषण आत ओढतोय का?" नाही. मास्क काढला तरी तुम्ही तीच हवा घेणार आहात, तीही त्या फिल्टरशिवाय. फरक एवढाच, की मास्क काढल्यावर घसाही मिटणार. हवा खराब आहे म्हणून मशीन बंद करणं हा कधीच फायद्याचा सौदा नाही.

खोलीतला धूर

बाहेरची हवा आपल्या हातात नाही. खोलीतली बरीचशी आहे.

२००३ मध्ये चीन आणि मलेशियात विकल्या जाणाऱ्या डासांच्या कॉइल तपासल्या गेल्या. एक कॉइल पूर्ण जळल्यावर जितके पीएम २.५ कण सुटतात, ते ७५ ते १३७ सिगारेटींइतके होते. आता कल्पना करा. पलंगाखाली कॉइल जळते आहे आणि हातभर अंतरावर मशीन रात्रभर त्या खोलीची हवा ओढतं आहे.

धूप, अगरबत्ती, रात्रीची फोडणी, झोपायच्या आधी मारलेला कोरडा झाडू यांचीही भर पडते. डासांसाठी मच्छरदाणी हा आपला जुना उपाय इथे सर्वांत चांगला. सीपॅपची नळी तिच्याखालून आरामात आत घेता येते.

मग नाक मोकळं केलं की प्रश्न सुटला?

इतकं सोपं नाही. २००९ मध्ये १२५ रुग्णांवर झालेल्या एका चाचणीत काहींना मशीनसोबत हवा ओलसर आणि कोमट करणारा ह्युमिडिफायर दिला. त्यांच्या नाकाच्या तक्रारी कमी झाल्या, पण मशीन वापरण्याचे तास तेवढ्यानं वाढले नाहीत.

कारण मास्क निघण्याला नाक हे एकच कारण नसतं. मास्कचा आकार चुकलेला असतो, दाब जुळलेला नसतो, बंद मास्कमध्ये काहींचा जीव घाबरतो, काहींना जोडीदारासमोर संकोच वाटतो. आणि अनेकांना हे मशीन नेमकं कशासाठी आहे, ते कुणी नीट समजावलेलंच नसतं. सवय लागणार की नाही, हे बऱ्याचदा पहिल्या आठवड्यातच ठरतं. हवा या यादीतलं एक कारण आहे. फरक इतकाच, की बाकीच्या कारणांबद्दल दवाखान्यात विचारतात, हवेबद्दल सहसा कुणी विचारत नाही.

दोन-चार रात्री नाही लावलं तर काय बिघडतं?

हे तपासलं गेलं आहे. नियमित सीपॅप वापरणाऱ्या ४१ रुग्णांच्या एका चाचणीत (२०११) काहींचा प्रभावी उपचार दोन आठवडे थांबवला गेला. पहिल्या काही रात्रींतच आजार परत आला. दोन आठवड्यांनंतर त्यांचा सकाळचा वरचा रक्तदाब, उपचार सुरू असलेल्यांच्या तुलनेत, सरासरी साडेआठ अंकांनी वाढलेला होता.

खराब हवेमुळे हृदय आणि रक्तवाहिन्यांवर वेगळा ताण येतोच. त्यात हा जोडला जातो. शिवाय दिवसा येणारी पेंग आहेच. गाडी चालवणाऱ्यासाठी ती थेट जिवाशी खेळ ठरू शकते.

तुम्ही काय करू शकता?

- नोंद पाहा. बहुतेक नव्या मशीनमध्ये रोजचे तास, हवेची गळती आणि उरलेले प्रसंग नोंदले जातात. हवा खराब असलेल्या आठवड्यात तास घटले का, गळती वाढली का, हे तपासा आणि डॉक्टरांना दाखवा. 'मशीन जमत नाही' यापेक्षा ही नोंद त्यांना कितीतरी उपयोगी पडते.
- जवळच्या केंद्राचा तासाचा आकडा बघा. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं 'समीर' अ‍ॅप आणि पुण्याच्या आयआयटीएमची 'सफर' यंत्रणा यांवर हवेची माहिती मिळते.
- खिडकीची वेळ बदला. हिवाळ्यात दुपारी ऊन असताना खिडक्या उघडा, संध्याकाळनंतर रस्त्याकडच्या बंद ठेवा. झाडूऐवजी ओल्या फडक्यानं पुसा.
- मशीन जमिनीवर ठेवू नका. छोट्या टेबलावर, पडद्यापासून आणि भिंतीपासून थोडं दूर ठेवा.
- फिल्टर बघत राहा. स्पंज आठवड्यातून एकदा धुऊन पूर्ण वाळवा. पांढरा फिल्टर करडा दिसला की बदला. बाजूला बांधकाम सुरू असेल तर महिनाभर वाट पाहू नका.
- ह्युमिडिफायरमध्ये डिस्टिल्ड वॉटर वापरा आणि पाणी रोज बदला.
- झोपण्याआधी नाक धुवा. जलनेतीसारखं मिठाच्या पाण्यानं नाक धुतल्यावर अनेकांना मोकळं वाटतं. पाणी उकळून गार केलेलंच हवं, थेट नळाचं नको.
- नाक मोकळं करणारे थेंब सलग वापरू नका. तीन ते पाच दिवसांहून जास्त वापरले तर ते थांबवल्यावर नाक आणखी चोंदतं. त्रास टिकला तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा. अ‍ॅलर्जी, नाकाचं वाकडं हाड यांवर वेगळे उपचार आहेत.
- मास्क बदलून बघता येतो. नाक सतत चोंदत असेल तर नाक आणि तोंड दोन्ही झाकणाऱ्या मास्कबद्दल डॉक्टरांना विचारा. दाब मात्र स्वतःच्या मनानं बदलू नका.
- प्युरिफायर घेणार असाल तर हेपा फिल्टरचा, झोपायच्या खोलीच्या आकाराला पुरेल असा घ्या. ओझोन सोडणारा नको, ओझोन स्वतःच श्वसनमार्गाला त्रास देतो.

प्युरिफायर प्रत्येकाला परवडेल असं नाही. सीपॅपसाठीच हजारो रुपये मोजलेले असतात. म्हणून वरच्या यादीत पैसे न लागणाऱ्या गोष्टींपासून सुरुवात करा. कॉइल बंद, मच्छरदाणी सुरू, स्पंज धुतलेला, खिडकीची वेळ बदललेली. हे आज रात्रीही जमेल.

शहराची हवा सुधारणं हे एकट्या रुग्णाचं काम नाही. ते महापालिकेचं, सरकारचं आणि आपल्या सगळ्यांचं आहे. पण तोवर घरातलं कुणी "नाक चोंदलंय, आज राहू दे" म्हणालं, तर त्यांना आळशी ठरवण्याआधी आणि मशीन कपाटात जाण्याआधी एकदा त्या मशीनच्या मागची छोटी खिडकी उघडून बघा. स्पंज कोणत्या रंगाचा झालाय, त्यावरून खोलीतल्या हवेचा अंदाज तुम्हाला लगेच येईल.

*हा लेख माहितीसाठी आहे. घोरणं, झोपेत श्वास अडणं, दिवसा सतत पेंग येणं अशी लक्षणं असतील किंवा उपचारात बदल करायचा असेल, तर डॉक्टरांचा सल्ला घ्या.*